नॅनो-चांदीचे जलशुद्धक: १४ महिन्यांच्या वापरानंतर

परळच्या आमच्या घरात स्वयंपाकघराच्या ओट्यावर गेले १४ महिने नॅनो-चांदीचे जलशुद्धक आहे. यंत्र साधे आहे. वरच्या भांड्यात ओतलेले पाणी स्वतःच्याच वजनाने मधल्या कार्ट्रिजमधून झिरपते आणि खालच्या भांड्यात साठते. विजेची जोडणी लागत नाही. कार्ट्रिजमध्ये नारळाच्या करवंटीपासून केलेला सक्रिय कोळसा असून त्यावर चांदीचे अतिसूक्ष्म कण बसवलेले आहेत. खोक्यावर हिरव्या अक्षरांत ‘शंभर टक्के पर्यावरणपूरक’ असे छापलेले आहे. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते, आणि मुलांसमोर असा दावा आला असता तर मी त्यांना तो तपासायला लावला असता. म्हणून घरातही तेच करायचे ठरवले. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण या किमतीच्या टप्प्यातील यंत्रांची मूळ रचना बरीचशी सारखी असते आणि मला बोलायचे आहे ते त्या रचनेबद्दल. यंत्र २,४०० रुपयांना मिळाले, कार्ट्रिज ६५० रुपयांना मिळते.

त्यापूर्वी आमच्याकडे आरओ यंत्र, म्हणजे दाबाने पाणी बारीक पडद्यातून ढकलून क्षार काढणारे यंत्र, होते. ते घेतले तेव्हा विक्रेत्याने नळाच्या पाण्यात टीडीएस मोजण्याची पेन्सिल बुडवून दाखवली होती आणि शुद्ध केल्यावर आकडा किती खाली येतो हेही दाखवले होते. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, आणि त्या आकड्यावरून पाण्यात जंतू आहेत की नाहीत हे कळत नाही, एवढे विज्ञान मला तेव्हाही ठाऊक होते. तरी घरात लहान मूल असताना माणूस धोका पत्करत नाही. मुंबईचे पाणी भातसा, तानसा, मोडक सागर, अप्पर आणि मध्य वैतरणा, विहार आणि तुळशी या सात जलाशयांतून येते. हे पावसाचे साठवलेले पाणी आहे आणि त्यात क्षार मुळातच थोडे असतात. आमच्या नळाचा आकडा कधी शंभराच्या वर गेलेला मी पाहिलेला नाही. भारतीय मानक संस्थेने २०१९ मध्ये देशातील प्रमुख शहरांच्या नळाच्या पाण्याची तपासणी केली, तेव्हा मुंबईचे दहाही नमुने निकषांना उतरले होते. त्याच वर्षी राष्ट्रीय हरित लवादाने लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असलेल्या ठिकाणी आरओच्या वापरावर बंदी घालण्याचे निर्देश दिले होते. असे असताना आमच्यासारखी असंख्य घरे एक लिटर पाणी पिण्यासाठी सुमारे तीन लिटर मोरीत सोडत होती. आमच्या घरात पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून दिवसाला १५ लिटर पाणी लागते. या हिशेबाने नव्या यंत्रामुळे १४ महिन्यांत सुमारे १९ हजार लिटर पाणी वाहून जाण्यापासून वाचले. शहापूर तालुक्यातल्या ज्या गावांच्या उशाशी ही धरणे आहेत, तिथल्या बायका उन्हाळ्यात हंडे घेऊन मैलोन्‌मैल चालतात. त्यांच्या परिसरातून आलेले पाणी गटारात सोडताना मला नेहमीच लाज वाटत असे.

पाणी महापालिकेच्या भांडुप जलशुद्धीकरण संकुलातून निघताना इतके चांगले असते तर यंत्र हवेच कशाला, असा प्रश्न शेजाऱ्यांनी विचारला आणि तो रास्त आहे. अडचण पुढच्या प्रवासात आहे. आपल्याकडे पाणी दिवसातून काही तासच सुटते. उरलेल्या वेळात जलवाहिनीतला दाब नाहीसा होतो आणि जिथे वाहिनीला भेग असेल तिथून बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाते. त्यानंतर इमारतीची जमिनीखालची टाकी आणि गच्चीवरची टाकी येते, आणि या टाक्या वेळेवर धुतल्या जातात की नाही हे सोसायटीच्या शिस्तीवर अवलंबून असते. गेल्या जुलैत मी गच्चीवरच्या टाकीचे पाणी, स्वयंपाकघरातल्या नळाचे पाणी आणि यंत्रातले पाणी अशा तीन नमुन्यांची हायड्रोजन सल्फाइडच्या कुपीने तपासणी केली. ही शाळेतही करता येण्याजोगी साधी चाचणी आहे. पाण्यात विष्ठेतले जिवाणू असल्याचा संशय असेल तर कुपीतले द्रावण एक-दोन दिवसांत काळे पडते. टाकीची आणि नळाची कुपी काळी पडली, यंत्राची पडली नाही. हीच चाचणी मी सप्टेंबरात आणि पुन्हा जानेवारीत केली. सप्टेंबरात नळाची कुपी काळी आणि यंत्राची स्वच्छ होती. जानेवारीत तिन्ही स्वच्छ होत्या. जुलैच्या निकालानंतर सोसायटीने टाक्या धुऊन घेतल्या, हा या यंत्राचा मला झालेला अप्रत्यक्ष लाभ म्हणावा लागेल.

आता चांदीविषयी. माझ्या सासूबाई कोकणातल्या आहेत. त्यांच्या माहेरी पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या हंड्यात निवळीची बी उगाळून टाकत, पिण्याचे पाणी तांब्याच्या घागरीत ठेवत आणि तान्ह्या मुलाला चांदीच्या बोंडल्याने दूध पाजत. चांदीचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला अणू, जिवाणूच्या प्रथिनांमधील गंधकाला घट्ट धरतो आणि त्या प्रथिनांचे काम बंद पाडतो. सासूबाईंच्या माहेरचे लोक हे रसायनशास्त्र जाणत नसले तरी त्याचा उपयोग त्यांना माहीत होता. नॅनोतंत्राने त्यात भर घातली ती पृष्ठभागाची. एक सेंटिमीटर बाजूचा चांदीचा घन घेतला तर त्याचे वजन साडेदहा ग्रॅम, म्हणजे एका जुन्या तोळ्याहून किंचित कमी भरते आणि त्याचा पृष्ठभाग फक्त सहा चौरस सेंटिमीटर असतो. त्याच तुकड्याचे दहा नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) बाजूचे घन केले, तर त्यांचा एकूण पृष्ठभाग सहाशे चौरस मीटर होतो, म्हणजे मुंबईतल्या साडेसहाशे चौरस फुटांच्या जवळजवळ दहा घरांएवढा. पाण्याला चांदीचा स्पर्श होतो तो पृष्ठभागावर, त्यामुळे अगदी थोड्या चांदीत मोठे काम होते. मौल्यवान धातू कमी लागणे हा पर्यावरणाचाही लाभ आहे, कारण खाणीतून चांदी काढताना डोंगर फोडावा लागतो आणि उरलेला विषारी चुरा कुठेतरी साठवावा लागतो.

या विद्येत आपल्या देशाने लक्षणीय काम केले आहे, हे वाचकांना ठाऊक असावे. आयआयटी मद्रासमध्ये थलप्पिल प्रदीप यांच्या गटाने चांदीच्या नॅनोकणांनी पाण्यातली कीटकनाशके काढण्याची पद्धत विकसित केली आणि ती घरगुती जलशुद्धकांपर्यंत पोहोचली. २००९ मध्ये टाटा समूहाने भाताच्या तुसाची राख आणि नॅनो-चांदी यांवर चालणारे, विजेशिवायचे स्वस्त जलशुद्धक बाजारात आणले. माझे यंत्र या दोन्हींपैकी नाही, परंतु त्याच वाटेवरचे आहे.

माझ्या यंत्रातल्या चांदीचे खरे काम मात्र माहितीपत्रकात सांगितले आहे त्याहून वेगळे आहे. सक्रिय कोळसा पाण्यातला क्लोरीन शोषून घेतो, म्हणून पाण्याची चव सुधारते. पण क्लोरीन गेला की राखणदार गेला, आणि कोळशाच्या छिद्रांत साठलेल्या सेंद्रिय द्रव्यावर जिवाणूंची वसाहत उभी राहू शकते. ती उभी राहू नये म्हणून कोळशावर चांदी बसवलेली असते. चांदी प्रथम कार्ट्रिजचे रक्षण करते आणि त्यानंतर आपले. विषाणूंवर तिचा परिणाम अनिश्चित आहे, आणि कवचधारी आदिजीवांचे, म्हणजे जिआर्डियासारख्या पोटाच्या विकारांना कारण होणाऱ्या जीवांचे, ती फारसे काही बिघडवू शकत नाही. त्यामुळे जूनच्या मध्यापासून गणपतीपर्यंत आम्ही गाळलेले पाणी उकळतोच. माहितीपत्रकातले ‘सर्व जंतूंपासून संरक्षण’ हे वाक्य म्हणूनच मला बेजबाबदारपणाचे वाटते.

रोजच्या वापराविषयी फार सांगण्यासारखे नाही. आठ लिटर पाणी झिरपायला नव्या कार्ट्रिजला दोन तास आणि जुन्या कार्ट्रिजला चार तास लागतात. खालच्या भांड्याची तोटी सहा महिन्यांत गळू लागली आणि ती बदलून मिळायला तीन आठवडे गेले. भांडी धुणे सोपे आहे.

मला जास्त वेळ द्यायचा आहे तो चांदी जाते कुठे या प्रश्नाला. नॅनो-चांदी असलेल्या वस्तूंचा पर्यावरणावरचा बरा-वाईट परिणाम बहुतांशी याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरतो. कण आधारावर पक्के बसलेले असतील आणि पाणी त्यांच्यावरून वाहून जात असेल, तर अत्यल्प आयन सुटतात आणि बाकी चांदी जागच्या जागी राहते. कण सैल असतील, तर ते पाण्याबरोबर आपल्या पोटात, मोरीत आणि शेवटी समुद्रात जातात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात चांदीची मर्यादा लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम आहे. माझ्या यंत्राच्या माहितीपत्रकात चांदी किती आहे, ती कशी बसवली आहे आणि गाळलेल्या पाण्यात किती उतरते, यांपैकी एकही आकडा नाही. ग्राहक सेवेला दोनदा दूरध्वनी केला. बोलणारी मुलगी अतिशय नम्र होती, तिने विचारून सांगते म्हटले आणि आठ महिने झाले तरी उत्तर आलेले नाही.

माहितीपत्रकात एक सूचना मात्र आहे: नवे कार्ट्रिज बसवल्यावर पहिली दोन भांडी पाणी फेकून द्यावे. कारण दिलेले नाही, पण कोळशाची भुकटी आणि सैल राहिलेली चांदी या पहिल्या पाण्यात सर्वाधिक उतरणार, हे उघड आहे. म्हणजे प्रत्येक कार्ट्रिजमागे १६ लिटर काळपट पाणी. ते तुळशीला घालावे असे प्रथम मनात आले आणि लगेच हात आवरला, कारण मातीतल्या जिवाणूंवरच तर त्या कुंडीचे आयुष्य अवलंबून असते आणि चांदी उपकारक-अपकारक असा भेद करत नाही. शेवटी ते मोरीत ओतले.

परळच्या मोरीतले पाणी वरळीच्या लव्हग्रोव्ह उदंचन (पंपिंग) केंद्राकडे जाते आणि तेथे चाळणे, वाळू-खडी वेगळी करणे एवढी प्राथमिक प्रक्रिया होऊन समुद्राच्या तळाशी टाकलेल्या तीन किलोमीटरहून लांब वाहिनीतून अरबी समुद्रात सोडले जाते. वरळीसह सात ठिकाणी नवी प्रक्रिया केंद्रे उभारण्याचे काम चालू आहे, ते पूर्ण होईल तेव्हा चित्र बदलेल. येथे दिलासा देणारी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सांडपाण्यात गंधकाची संयुगे भरपूर असतात आणि चांदी त्यांच्याशी संयोग पावून सिल्व्हर सल्फाइड होते, जे पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि म्हणून फारसे विषारी राहत नाही. देवघरातली चांदीची भांडी काळी पडतात ती याच क्रियेमुळे. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रायोगिक सांडपाणी केंद्रात सोडलेली बहुतेक नॅनो-चांदी सल्फाइड होऊन गाळात बसल्याचे दिसले. हा गाळ पुढे शेतात खत म्हणून पडला तर वर्षानुवर्षे साचणाऱ्या चांदीचे काय होते, हा त्या दिलाशाचा दुसरा भाग आहे. आणि ज्या आयनांची गंधकाशी गाठ पडत नाही, त्यांच्या बाबतीत गोड्या पाण्यातल्या शेवाळाला आणि पाणपिसवांसारख्या सूक्ष्म जलचरांना लिटरमागे काही मायक्रोग्रॅम चांदीही अपायकारक ठरते. लहान मासे ज्यांवर जगतात ते हेच जीव. समुद्राच्या खारट पाण्यात क्लोराइडमुळे चांदीचे वागणे बदलते, तीव्रताही बरीच कमी होते; तरी वरळी कोळीवाड्यातल्या होड्या ज्या पाण्यात जाळी टाकतात त्याच पाण्यात आपण काय सोडतो, याचा हिशेब ठेवायला नको असे त्यावरून ठरत नाही. एका घरातली चांदी नगण्य आहे. वस्तू खपण्याच्या दृष्टीने मात्र कंपनीला एक घर नको असते, संपूर्ण शहर हवे असते.

हे यंत्र ज्या दादरच्या दुकानातून घेतले, तेथेच त्याच फळीवर नॅनो-चांदीचे पायमोजे आणि फरशीवर मारायचा नॅनो-चांदीचा फवाराही होता, आणि दुकानदाराने मोठ्या आग्रहाने दोन्ही दाखवले. मी ते घेतले नाहीत आणि इतरांनीही घेऊ नयेत असे मला ठामपणे वाटते. अमेरिकेतील ॲरिझोना राज्य विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये अशा पायमोज्यांचे निरीक्षण प्रसिद्ध केले होते. काही जोड्यांतली जवळजवळ सगळी चांदी चार धुण्यांतच पाण्यात गेली. मोज्यांना वास येऊ नये म्हणून धुण्याच्या पाण्यातून धातू सोडत राहायचे, याचे समर्थन कसे करायचे? साबण आणि ऊन हे काम पूर्वीपासून करत आले आहेत. जलशुद्धकात चांदी कार्ट्रिजमध्ये धरून ठेवलेली असते, मोज्यांत ती सांडण्यासाठीच घातलेली असते आणि फवाऱ्यात तर ती सरळ श्वासात जाते. नॅनोकण पाण्यात आणि हवेत सारखे वागत नाहीत. लांब, ताठ कार्बन नलिका उंदरांच्या उदरपोकळीत सोडल्यावर ॲस्बेस्टॉससारखी दाहक प्रतिक्रिया होते, हे २००८ मध्येच दिसून आले होते. तो पदार्थ वेगळा आहे, चांदी तशी नलिकाकार नसते. पण इतक्या बारीक द्रव्याचा फवारा बंद स्वयंपाकघरात मारू नये, एवढा बोध त्यातून घेता येतो. ब्रिटनच्या रॉयल सोसायटीने २००४ च्या अहवालात, अधिक माहिती हाती येईपर्यंत नॅनोकण मोकळ्या वातावरणात सोडणे शक्य तितके टाळावे, अशी शिफारस केली होती. ती आजही मला शहाणपणाची वाटते.

वापरून झालेल्या कार्ट्रिजचा प्रश्न याहून सरळ आहे आणि म्हणूनच त्याकडे झालेले दुर्लक्ष जास्त खटकते. एक कार्ट्रिज दोन हजार लिटर चालते, म्हणजे आमच्या घरी साधारण साडेचार महिने. आतापर्यंत तीन संपली, चौथे चालू आहे. प्रत्येकात जाड प्लॅस्टिकचे कवच, ओला कोळसा आणि बहुतांश चांदी शिल्लक असते. ते टाकायचे कसे, असे विचारल्यावर सुक्या कचऱ्यात टाका असे उत्तर मिळाले. कवच डिंक लावून कायमचे बंद केलेले असल्यामुळे कचरा वेचणाऱ्या बायकांना त्यातले प्लॅस्टिक सोडवता येत नाही, आणि कोणी फोडलेच तर कोळशाची भुकटी हातांना आणि नाकातोंडाला लागते. मग ते कांजूरमार्गच्या क्षेपणभूमीवर जाणार. कवच पेचाचे केले, आतला भाग परत घेतला आणि चांदी वेगळी केली तर ती पुन्हा वापरता येईल. चांदी हा काही फेकण्याचा धातू नव्हे, पिढ्यान्‌पिढ्या आपल्याकडे तुटके पैंजणसुद्धा सोनाराकडे मोडीत जातात.

कण कसे तयार केले, हेही माहितीपत्रकातून कळत नाही. प्रयोगशाळेत रूढ असलेल्या काही पद्धतींत सोडियम बोरोहायड्राइडसारखी तीव्र रसायने लागतात आणि त्यांचे धुवण कुठेतरी जातेच. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील मुरली शास्त्री यांच्या गटाने २००४ मध्ये कडुनिंबाच्या पानांच्या काढ्यातून चांदीचे आणि सोन्याचे नॅनोकण बनवून दाखवले होते. शेजारच्या शहरात ही वाट वीस वर्षांपूर्वी दिसली असताना कारखान्यात कोणती वाट घेतली, हे ग्राहकाला सांगण्यात संकोच का असावा? युरोपीय संघात जंतुनाशक म्हणून वापरलेल्या नॅनोद्रव्याच्या नावापुढे ‘नॅनो’ असे छापणे बंधनकारक आहे. आपल्याकडे जलशुद्धकावर तो शब्द छापला जातो तो ग्राहकाला आकर्षित करण्यासाठी, आणि प्रमाण मात्र सांगितले जात नाही.

माझा निर्णय असा आहे. घरात आरओ असेल, नळाला महापालिकेचे पाणी येत असेल आणि टँकर किंवा बोअरवेलचे पाणी मिसळत नसेल, तर आरओ काढून हे किंवा असे यंत्र घेणे पाण्याच्या आणि विजेच्या दृष्टीने नक्कीच चांगले आहे. टँकर किंवा बोअरवेल असेल तर आधी क्षार तपासून घ्यावेत, कारण हे यंत्र क्षार काढत नाही. ज्या घरात पाणी नेमाने उकळून, गाळून पितात आणि इमारतीच्या टाक्या वर्षातून दोनदा धुतल्या जातात, त्यांनी हे घेऊ नये; त्यांना चांदीची गरज नाही. यंत्राला पाचपैकी साडेतीन गुण देते. चांदीचे प्रमाण आणि ती गाळलेल्या पाण्यात किती उतरते हे छापले तर चार देईन, कार्ट्रिज परत घेतले तर साडेचार.

संपलेली तिन्ही कार्ट्रिज मी उन्हात वाळवून, पिशवीत बांधून पोटमाळ्यावर ठेवली आहेत आणि कंपनीच्या मुंबई कार्यालयाला तसे पत्र पाठवले आहे. ती घेण्याची व्यवस्था त्यांनी केली, तर सासूबाई आणि मी स्वतः नेऊन देऊ. इमारतीतल्या आणखी चार घरांनीही आपापली जपून ठेवण्याचे कबूल केले आहे.